पिवळं कार्ड

टॅमरॅक हार्बर,
शुक्रवार, दुपार

प्रिय डोरीन,

हे पत्र ग्लेंडा तुझ्या हातात देईल. मी स्वतः आले नाही म्हणून रागावू नकोस. मी आले की तू आधी कॉफी ओततेस, मग दालचिनीचा टोस्ट पुढे करतेस, मग माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस, आणि जे बोलायला आले होते ते पोटातच ठेवून मी परत गाडीत बसते. गेल्या आठ महिन्यांत असं चार वेळा झालंय. म्हणून या वेळी कागद. उद्या अकरा वाजता टपाल कचेरीच्या दारावर आर्नीच्या नावाची पाटी लागेल, आणि भाषण मीच, म्हणजे तुमची मार्लिसच, करणार असं तू सगळ्या गावाला सांगून ठेवलंयस. त्या पायरीवर मी उभं राहायचं की नाही हे तू ठरवायचंस. पण ते ठरवण्याआधी तुझ्या मुलाच्या बाबतीत मी काय केलं ते तुला माहीत असायला हवं. मी भित्री आहे, त्यामुळे ते सांगायला मला दोनचार पानं लागतील.

आत्ता मी वाचनालयाच्या तळघरात बसले आहे, लहान मुलांच्या पुस्तकांमागच्या टेबलाशी. दर शुक्रवारी माजी सैनिकांची कामं आम्ही इथेच करतो हे तुला वेगळं सांगायला नको. सकाळपासून नऊ जण येऊन गेले. म्हातारा हुकानेन नेहमीप्रमाणे आपले पेन्शनचे कागद मासेमारीच्या डब्यातून घेऊन आला होता, आणि निम्म्या कागदांत गळ अडकलेले. ग्लेंडा त्याला म्हणाली, “अहो, पुढच्या वेळी साधं पाकीट आणा, नाहीतर एक दिवस मीच गळाला लागेन.” तो म्हणाला, “लागलीस तर पाण्यात सोडून देईन, अजून लहान आहेस.” ग्लेंडा एकोणसाठची आहे. सकाळभर तेवढ्यावर खूश होती. मीही हसले, आणि हसल्यावर लगेच वाटलं, आता ही पानं कशी लिहायची.

तुला माझ्या आठवड्याची नेहमी गंमत वाटायची. सोमवारी विमानाने वॉशिंग्टनला, मंगळवार-बुधवार सभागृह आणि समित्या, गुरुवारी परत, शुक्रवारी हे तळघर. निवडून आल्यापासून चौदा वर्षं हेच रहाटगाडगं. तू म्हणायचीस, “बाई, दर आठवड्याला हजार मैल जातेस, ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणतेस आणि परत येतेस. एवढं फोनवर नाही का सांगता येत?” मी उगाच तोऱ्यात तुला समित्या समजावून सांगायचे. आर्नी तेव्हा दहा वर्षांचा असेल, तो शेजारी बसून ऐकायचा आणि विचारायचा, “मावशी, पण तुला कळतं कसं, कशाला हो म्हणायचं ते?” मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं असणार. आठवत नाही.

थोडी मागे जाते. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, आयनार गेला त्या आठवड्याची. त्याच गुरुवारी आमचा फुफ्फुसांचा कायदा मतदानाला होता. छावण्यांत कचरा जाळून होणारा धूर ज्यांनी वर्षभर छातीत घेतला त्यांना पेन्शन आणि औषधपाणी, एवढाच कायदा. पण त्यासाठी मी दोन वर्षं घासली होती. एकेक मत मोजून गोळा केलेलं, आणि इकडे आयनारच्या नाकात नळी. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होते तेव्हा फोन आला, हार्लन ट्रूसडेलचा. आर्कान्सातला, विरुद्ध पक्षाचा, त्या कायद्याचा पक्का विरोधक. सभागृहात आम्ही एकमेकांना काय काय बोललो आहोत ते छापील नोंदीत आहे. तो म्हणाला, “मार्लिस, तू नवऱ्यापाशी बस. तू येईपर्यंत मी मत देत नाही.”

ही आमच्याकडची एक जुनी रीत. कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. समजा तू ठरावाच्या बाजूची आणि मी विरुद्ध. तुझ्या घरी कुणीतरी शेवटच्या घटकेला आहे, तुला येता येत नाही. मग मीही माझं मत देत नाही. तुझं एक गेलं, माझं एक गेलं, निकाल होता तसाच राहिला, आणि तुला तुझ्या माणसाचा हात धरून बसता आलं. याला आम्ही जोडी म्हणतो. शब्दावर चालतं, सही नाही की शिक्का नाही. हल्लीची पोरं याला हसतात; पाळणारे आम्ही सातआठ म्हातारे उरलो आहोत. त्या गुरुवारी आमचा कायदा एका मताने पास झाला. हार्लनने ‘नाही’ म्हटलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि आमच्याकडे बरोबरी म्हणजे पडलं. त्याच्या पक्षाची माणसं त्याला घेरून उभी होती म्हणे. तो हलला नाही. त्यापायी पक्षाने त्याच्याकडची समिती काढून घेतली, आणि त्याने मला ते कधी बोलून दाखवलं नाही. आयनार शनिवारी गेला. मी तिथे होते.

त्याच कायद्यातून तुझ्या वेन्डलला पेन्शन लागली. पहिला चेक आला त्या दिवशी तो म्हणाला होता, “आता खोकायचे पैसे मिळतात, मग जरा जोरात खोकू या,” आणि खरंच इतका जोरात खोकला की तू पाणी आणायला धावलीस. हे मी माझ्या बाजूला वजन म्हणून टाकत नाहीये, डोरीन. तसं वाटलं तर हा परिच्छेद खोडून टाक. पण हार्लनचं माझ्यावर काय ऋण होतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आता गेल्या सप्टेंबरातला तो बुधवार. ठराव तुला पाठ आहे: सभागृहाच्या संमतीवाचून तिकडे युद्धावर आणखी माणसं पाठवायची नाहीत, आणि गेलेली तीस दिवसांत परत आणायची. आर्नी जूनपासून तिकडे होता. रविवारी चर्चच्या बाहेर तू मला एवढंच म्हणालीस, “बुधवारी विसरू नकोस.” मी म्हणाले, “मी कधी काही विसरते का?” आमच्या माणसांनी डोकी मोजली होती आणि सहा मतांनी पुढे असल्याचं सांगितलं होतं. मी निर्धास्त होते.

सकाळी अर्थसमितीची सुनावणी होती. सैन्याच्या छावण्यांच्या फाटकाबाहेर दुकानं थाटून पोरांना कर्जं देणाऱ्या सावकारांना बोलावलं होतं. आर्नी भरती झाला तेव्हा अशाच एकाने त्याला लाल ट्रक दाखवून जवळजवळ सही घेतली होती, आठवतं? मीच त्याला फोनवर म्हणाले होते, “आधी सातवं पान वाच, मग ट्रक बघ.” तर त्या दिवशी समोर निळ्या टायवाला एक गोड माणूस बसला होता, आणि मी त्याला त्याच्याच कागदाचं सातवं पान मोठ्याने वाचायला लावत होते. तो घामाघूम झाला होता. मी फार रंगात आले होते, कबूल करते. तेवढ्यात फोन थरथरला.

हार्लन होता, हॉस्पिटलमधून. “बेव्हर्लीचं आज किंवा उद्या, असं म्हणतायत,” तो म्हणाला. “अकराचं विमान आहे. मी येतोय असं पक्षाला कळवलंय. तरी तुला एकदा विचारतो. नाही म्हणालीस तरी मनात काही ठेवणार नाही.” मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, “तिकीट रद्द कर. बस तिच्यापाशी.” फोन ठेवला आणि पुन्हा निळ्या टायकडे वळले. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. सहा मतं हातात असताना मोठेपणा करायला काही लागत नाही.

दुपारी चारला मतदान सुरू झालं. शिकागोवर वादळ होतं, आमचे दोघे विमानतळावरच अडकले. एक जण जेवणाच्या सुट्टीत फुटला. आणखी एक बाई, जिने सकाळी माझा हात धरून शब्द दिला होता, ती लाल दिवा लावून मागच्या दाराने निघून गेली. फळ्यावर आकडे थांबले: बाजूने दोनशे चौदा, विरुद्ध दोनशे चौदा. सभापतींच्या आसनाखाली एक टेबल आहे, त्यावर कार्डांचे तीन गठ्ठे असतात. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे नुसती हजर. मी पिवळ्यावर सही करून ते हातात धरून उभी होते. माझ्या कचेरीतली नदीन सहा वर्षं माझ्याकडे आहे, कधी आवाज चढवून बोलली नाही. तिने माझी बाही धरली. म्हणाली, “अजून वेळ आहे. हिरवं घ्या. ट्रूसडेलसाहेब समजून घेतील हो, माणूसच आहेत ते.” फार तर दोन मिनिटं होती.

तुला वाटेल, त्या दोन मिनिटांत मी आर्नीचा विचार केला असेल आणि छातीवर दगड ठेवून निर्णय घेतला असेल. नाही, डोरीन. खरं सांगते, तो माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही. यायला हवा होता. ज्याला मी ऑगस्टच्या त्या गार तळ्यात पोहायला शिकवलं, ओठ निळे पडले तरी बाहेर यायला तयार नसायचा, तो यायला हवा होता. आला तो हार्लन, आणि आयनारचा शेवटच्या दिवशीचा हात. मी पिवळं कार्ड टेबलावर दिलं. हातोडा पडला. ठराव पडला.

बेव्हर्ली दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. हार्लन तेव्हा तिचे केस विंचरत होता. नंतर त्याने राजकारण सोडलं, मुलीकडे राहतो. आर्नीबद्दल त्याला काही ठाऊक नाही, मी सांगितलं नाही. आणि तूही त्याला दोष देऊ नकोस. त्याने विचारलं होतं, मागितलं नव्हतं. नाही म्हणायची मोकळीक होती मला.

मतदानानंतर चोविसाव्या दिवशी तुझ्या दारात ते दोघे गणवेशातले येऊन उभे राहिले.

मला काय काय सांगता येतं ते तुला सांगते, म्हणजे इतर कुणी सांगायला आलं तर ते मीच आधी सांगितलेलं असेल. ठराव पास झाला असता तरी राष्ट्राध्यक्षांनी तो फेटाळला असता. नसता फेटाळला तरी तीस दिवसांची मुदत होती, आणि आर्नी तेविसाव्या दिवशी गेला. हार्लन विमानात बसून आला असता तरी बरोबरीच झाली असती. हे सगळं बरोबर आहे. मला वॉशिंग्टनमध्ये निदान वीस माणसांनी हे पाठीवर हात ठेवून सांगितलंय. मी ते स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता पाठ झालंय, आणि पाठ झाल्यापासून त्याचा काही उपयोग होत नाही. कारण असंही झालं असतं की ठराव पास झाला, आणि त्या आठवड्यात आर्नी ज्यांच्याबरोबर निघाला त्या गाड्या छावणीबाहेर काढायचंच कुणीतरी थांबवलं. एवढंच पुरलं असतं. झालं असतं की नसतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि तुलाही नाही. हे मी तुझ्या माथी मारतेय याची मला फार लाज वाटते.

आणि मतापेक्षाही ज्याची जास्त लाज वाटते ते दफनानंतरच्या जेवणाचं. चर्चच्या खालच्या हॉलमध्ये तू निळा स्वेटर घालून बसली होतीस, काळा का नाही असं कुणी विचारलं तर म्हणत होतीस, हा आर्नीने आणलाय. हार्डवेअरच्या दुकानाचा लॅरी जवळ आला आणि हळूच म्हणाला, “पेपरात होतं की मार्लिसने मतच दिलं नाही.” तू त्याला असं झापलंस की सगळे चमचे थांबले. “मार्लिस आमची आहे,” म्हणालीस. “ती मेली तरी आर्नीच्या विरुद्ध जाणार नाही. तुला वाचता तरी येतं का रे नीट?” बिचारा लाल झाला, माफी मागितली. त्याने नीटच वाचलं होतं. मी तीन हातांवर उभी होते, ताटात बटाट्याचं सॅलड. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हणाले, “अजून कॉफी हवी का कुणाला?” दुसऱ्या दिवशी लॅरीच्या दुकानात गेले, निदान त्याला तरी सांगावं म्हणून. अर्धा किलो खिळे घेऊन परत आले. ते अजून गॅरेजमध्ये पडलेत.

मग मी तेच केलं जे मला येतं: कामाला लागले. तुझे कागद ग्लेंडाकडे आले. आईला मिळणारं निवृत्तिवेतन, विमा, सगळं. तुझी माहिती आम्हाला बघता यावी म्हणून एक परवानगीचा फॉर्म असतो, तो वाचून सही करायची असते. तू न वाचताच केलीस आणि म्हणालीस, “मार्लिसपासून मला काय लपवायचंय?” मी पलीकडच्या खोलीत होते, ऐकलं. त्या दिवशी तू ग्लेंडासाठी मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेल्या पेस्ट्या आणल्या होत्यास आणि दोन माझ्यासाठी वेगळ्या बांधल्या होत्यास, सलगमाचे तुकडे काढून, कारण मला सलगम चालत नाही. मी त्या गाडीत बसून खाल्ल्या. मग टपाल कचेरीला आर्नीचं नाव द्यायचा ठराव मीच मांडला. आमच्या सभागृहात एवढ्या एकाच गोष्टीवर कुणी भांडत नाही, टपाल कचेरीला नाव देणं. दोन्ही बाजूंनी ‘हो’चा एकच आवाज झाला. मीही म्हणाले, जरा मोठ्यानेच. शेजारच्याने वळून पाहिलं.

असंच चाललं असतं. उद्या मी भाषणही ठोकलं असतं, आणि चांगलं ठोकलं असतं, मला येतं ते. पण मंगळवारी तुझा फोन आला. त्याच्या सामानाचं खोकं तू आठ महिने वेन्डलच्या करवती ठेवायच्या बाकाखाली तसंच सीलबंद ठेवलं होतंस, पाटीजवळ लावायला फोटो हवा म्हणून सोमवारी उघडलंस. बूट, दाढीचं सामान, तू विणलेला मफलर, आणि माझ्या कचेरीचं पाकीट. तू एकाच वेळी रडत आणि हसत होतीस. “बाई, तू त्याला लिहिलं होतंस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.” म्हणालीस, पत्राच्या चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, कुठेतरी लावून ठेवलं असणार त्याने. तू घाईघाईत दोनच ओळी वाचल्या होत्यास, बाकीचं शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार होतीस. मी म्हणाले, “हो का?” फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिले, कारण मी आर्नीला कधीच पत्र लिहिलं नव्हतं.

ग्लेंडाने शोधून काढलं. आमच्याकडे पत्रं कशी येतात ते तुला कुठून माहीत असणार. आधी ती दुसऱ्याच इमारतीत जातात, पाकिटात विषबिष नाही ना हे बघायला. तिथे त्यांच्यावर काय प्रक्रिया करतात देव जाणे, पण दोनतीन आठवड्यांनी आमच्या हातात येतात तेव्हा कागद पिवळा आणि कुरकुरीत झालेला असतो. मग कॉलेजातून नुकतीच आलेली मुलं ती उघडतात, विषय बघतात, नंबर टाकतात, आणि त्या नंबरचं तयार उत्तर जातं. खाली माझी सही यंत्र करतं, खऱ्या शाईने. रोजची चारशे पत्रं, दुसरं काय करणार, असं मी सगळ्यांना सांगत आले. युद्धाच्या ठरावाची उत्तरं मतदानाच्या आधीच लिहून ठेवली होती, पास झाला तर एक, पडला तर एक. मी कुठल्या बाजूने मत देणार याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. म्हणून पडल्यानंतरच्या उत्तरात वाक्य आहे, ‘मी या ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि तो पडला याचं मला मनापासून दुःख आहे.’ नंतर ते बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ती उत्तरं कधी वाचतच नाही. सहाशे अकरा लोकांना ते गेलं, आणि त्यातला एक आर्नी होता.

म्हणजे त्याने आधी मला लिहिलं होतं. ते पत्र वॉशिंग्टनच्या कचेरीतल्या खोक्यात होतं, नदीनने काल माझ्या हातात दिलं, आणि मी ते याच पाकिटात तुझ्यासाठी ठेवलंय. तिकिटाच्या जागी त्याने हाताने ‘मोफत’ लिहिलंय, तिकडून येणाऱ्या पत्राला तिकीट लागत नाही. मतदानाच्या दोन आठवडे आधीची तारीख आहे, आमच्याकडे पोचलं ते मतदानानंतर पाच दिवसांनी. तू वाचशीलच, तरी मी इथे उतरवते, कारण मला एकदा ते स्वतःच्या हाताने लिहायचंय. ‘मावशी, मी लिहिलंय हे आईला सांगू नकोस, ती काळजी करत बसेल. तंबूत आम्ही अकरा जण आहोत. मी सगळ्यांना सांगितलंय की आमच्या भागाची प्रतिनिधी माझ्या आईची जिवलग मैत्रीण आहे, तर म्हणतात थापा मारतोस. मत दिलंस की एक ओळ लिहून पाठव, “मी हो म्हणाले” एवढीच. तंबूत लावतो, म्हणजे यांची तोंडं बंद होतील.’ ती भोकं कसली, ते आता तुला कळलं. उद्या ते छापील पत्र वाचू नकोस, डोरीन. वाचायचंच असेल तर त्याचं वाच, किंवा हे माझं वाच, सगळ्या गावासमोर, लॅरीसमोरही. साडेदहाला मी टपाल कचेरीच्या समोर गाडी लावून आत बसेन. तू हाक मारलीस तर उतरेन. नाही मारलीस तर पाटी उघडलेली काचेतून बघेन आणि निघून जाईन, आणि तुला त्याबद्दल कधी काही विचारणार नाही. आर्नीने माझ्याकडे एकच ओळ मागितली होती. ती यंत्राने पाठवली, आणि खोटी पाठवली. खरी ओळ लिहायला मला आठ महिने लागले, आणि आता ती त्याच्याऐवजी तुला लिहितेय. मी हो म्हणाले नाही.

तू राहू देशील तर तुझीच,
मार्लिस